ओपन-सोर्स फोन आणि त्याभोवतीची चर्चा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात पाइनफोन या ओपन-सोर्स फोनविषयी, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता व बदलता येतो अशा लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या फोनविषयी, लिहिताना आम्ही असे म्हटले होते की, या फोनला आज जे रूप आले आहे त्यात कारखान्याइतकाच तो वापरणाऱ्यांच्या आपसातील चर्चेचा वाटा आहे. या विधानावर बरीच पत्रे आली. काहींनी त्याविषयी शंका घेतली, तर काहींनी फोन लगेच मागवावा का, असे विचारले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढे उत्तरे दिली आहेत.

अँड्रॉइड ओपन-सोर्सच आहे, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग वेगळ्या ‘ओपन-सोर्स फोन’ची गरज काय? (एक विद्यार्थी, पुणे)

आपण वाचता ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अँड्रॉइडचा पाया खरोखरच खुला आहे आणि त्याखालचा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तर जीपीएल या खुल्या परवान्याखाली येतो. मात्र दुकानातून घेतलेल्या फोनमध्ये या पायाच्या वर गूगलच्या बंद सेवा असतात, आणि खाली कॅमेरा, ग्राफिक्स व मॉडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) चालवणारे असे बंद भाग असतात, ज्यांचा मूळ कोड चिप बनवणाऱ्यांखेरीज कोणाजवळ नसतो. हे भाग बहुधा कर्नलच्या एका ठरावीक आवृत्तीला बांधलेले असतात. त्यामुळे कंपनीने हात काढून घेतला की फोन धडधाकट असूनही त्याचे सॉफ्टवेअर जुने पडत जाते. पाइनफोन किंवा लिब्रेम ५ यांसारख्या फोनमध्ये उद्देश असा असतो की, फोनला लागणारे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणाऱ्या आज्ञावल्या) मूळ लिनक्स कर्नलमध्येच सामावून घेतले जावेत, म्हणजे फोनचे आयुष्य कोण्या एका कंपनीच्या मर्जीवर राहणार नाही.

हे फोनही पूर्णपणे खुले नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे. दोन्हींमधील मॉडेमचा रेडिओ सांभाळणारा भाग बंदच आहे. फरक एवढाच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, की मॉडेम मुख्य प्रोसेसरपासून वेगळा ठेवून यूएसबी जोडणीने जोडला आहे आणि एका बटणाने तो पूर्ण बंद करता येतो.

२००८ मधील फ्रीरनर या ओपन-सोर्स फोनभोवती जगभरचे हुशार लोक जमले होते, तरी तो प्रकल्प वर्षभरात गुंडाळावा लागला. मग एवढ्या चर्चेचा उपयोग तो काय झाला? (एक इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ, ठाणे)

आपण स्वतः तंत्रज्ञ आहात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर तपशिलात शिरूनच देतो. तैवानमधील फर्स्ट इंटरनॅशनल कॉम्प्युटर या कंपनीतून ओपनमोको हा प्रकल्प निघाला. २००६ च्या अखेरीस त्याची घोषणा झाली, जुलै २००७ मध्ये ‘निओ १९७३’ हा विकासकांसाठीचा फोन आला आणि २००८ च्या मध्यावर ३९९ डॉलर किमतीचा ‘निओ फ्रीरनर’ विक्रीस आला. ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ मेगाबाइट स्मृती आणि २.८ इंची पडदा असे त्याचे स्वरूप होते. फोनच्या कवचाचे कॅड (संगणकावर काढलेले) आराखडेसुद्धा कंपनीने खुले केले होते. आपला फोन उघडा, तपासा आणि त्यातले दोष आम्हाला सांगा, असे निर्मात्यांनीच ग्राहकांना म्हणणे त्या काळी अगदीच अपूर्व होते.

ग्राहकांनीही ते मनावर घेतले. पहिला मोठा दोष गुणगुणीचा होता. फोनवर बोलणाऱ्याला स्वतःला काही जाणवत नसे, पण पलीकडच्या माणसाला संभाषणभर एक घरघर ऐकू येत असे. जीएसएम (टू-जी) फोन बोलणे चालू असताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा आपला प्रेषक चालू-बंद करतो. हे ठोके मायक्रोफोनला वीज पुरवणाऱ्या मार्गात शिरत आणि आवाजात मिसळून पुढे जात. आवाजाची पातळी कमी-जास्त करून अनेकांनी तात्पुरता इलाज केला. परंतु खरा इलाज फोन उघडून त्या मार्गावर मोठा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा सुटा भाग) बसवणे हाच होता. ज्यांचा हात सोल्डरिंगला बसलेला होता, त्यांनी आपापल्या शहरात मेळावे भरवून इतरांचे फोन दुरुस्त करून दिले. ज्याने कधी सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती, त्याचाही फोन अशा मेळाव्यात नीट झाला.

दुसरा दोष जीपीएसचा. काहींना उपग्रह लवकर सापडत, काहींना कितीही थांबले तरी सापडत नसत, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. फोनमध्ये मेमरी कार्ड असले की अडचण येते आणि ते काढले की जाते, हे वापरणाऱ्यांनी एकमेकांचे अनुभव ताडून पाहिले तेव्हा उघड झाले. कार्डाला जाणारे घड्याळाचे संकेत जीपीएसच्या अतिशय क्षीण संकेतांत गोंधळ करत होते. काम नसताना हे संकेत थांबवणारा बदल सॉफ्टवेअरमध्ये करण्यात आला, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी त्या तारेवर १० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर जोडला.

तिसरा दोष सर्वांत चिवट होता आणि त्याच्या नोंदणी क्रमांकानेच तो ओळखला जाऊ लागला: १०२४. मॉडेम गाढ झोपेत गेला की काही फोन पुन्हा पुन्हा नेटवर्क सोडून परत जोडले जात आणि त्यात बॅटरीही खर्ची पडे. मॉडेमला झोपूच द्यायचे नाही, हा उपाय पटकन सापडला, पण त्याने बॅटरी आणखीच लवकर संपत असे. मॉडेमची कागदपत्रे गोपनीयतेच्या करारात अडकली असल्याने मूळ कारण शोधायला फार वेळ गेला. अखेर १० मायक्रोफॅरडचा तिळाएवढा कपॅसिटर काढून तिथे २२ मायक्रोफॅरडचा बसवला की दोष जातो, हे निष्पन्न झाले. एखादा ग्राहक तक्रार करतो, दुसरा ती आपल्या फोनवर पडताळतो, तिसरा ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी दाखवणारे यंत्र) लावतो आणि चौथा छायाचित्रांसह कृती लिहून ठेवतो, ही साखळी फ्रीरनरने पूर्ण करून दाखवली. म्हणून या चर्चेला निरुपयोगी म्हणणे मला मान्य नाही.

तरीही प्रकल्प थांबला, हे खरे आहे. त्याची कारणे चर्चेच्या आवाक्याबाहेरची होती. ग्लॅमो नावाची ग्राफिक्स चिप मुख्य प्रोसेसरला इतक्या संथ मार्गाने जोडली होती की पडद्यावरची हालचाल कायम अडखळत राहिली, आणि असा दोष सोल्डरिंगने जात नाही. फोनमध्ये थ्री-जी नव्हते, कॅमेरा नव्हता. त्याच सुमारास, जुलै २००८ मध्ये आयफोन थ्रीजी आणि ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. यापेक्षाही मला अधिक गंभीर वाटते ती सॉफ्टवेअरची धरसोड. वर्षभराच्या आत मूळ प्रणालीचा पाया एकापेक्षा अधिक वेळा बदलण्यात आला, त्यामुळे एका पायावर मन लावून दोष निस्तरणाऱ्यांचे काम दुसऱ्यावर वाया गेले. लोक सांगत होते, लिहीत होते. पण कोणते सांगणे आधी हाती घ्यायचे हे ठरवणारी घडी बसली नाही. एप्रिल २००९ मध्ये पुढच्या फोनचे काम थांबवल्याचे जाहीर झाले.

त्यानंतरही एसएचआर, क्यूटीमोको आणि डेबियन या प्रणाली वापरणाऱ्यांनीच चालू ठेवल्या, आणि जर्मनीतील एका छोट्या कंपनीने फ्रीरनरच्याच कवचात बसेल असा जीटीए०४ हा नवा बोर्ड तयार केला. कवचाचे आराखडे बंद असते, तर हे काम कितीतरी अवघड झाले असते.

या लोकांच्या चर्चा वाचल्या की मदतीपेक्षा वादच अधिक दिसतात. कोणते सॉफ्टवेअर ‘शुद्ध’ यावरून एवढे भांडण कशासाठी? (एक निवृत्त अभियंता, नागपूर)

वाद होतात, कारण या फोनच्या बाबतीत वाद घालायला पुरेशी माहिती उपलब्ध असते. एक उदाहरण देतो. लिब्रेम ५ च्या प्रोसेसरला फोन सुरू होताना स्मृती जुळवून घेण्यासाठी एक बंद फर्मवेअर (चिप चालवणारे अंगभूत सॉफ्टवेअर) लागते. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या निकषांत दुय्यम प्रोसेसरवर चालणाऱ्या भागांना काही सवलत आहे. म्हणून लिब्रेम ५ बनवणाऱ्या प्युरिझम या कंपनीने ते फर्मवेअर मुख्य प्रणालीपासून वेगळ्या चिपमध्ये ठेवून दुय्यम प्रोसेसरकडून चालवण्याचा मार्ग निवडला. यावर एका बाजूचे म्हणणे असे की, मुख्य प्रोसेसरवर एकही बंद आज्ञावली चालत नाही, हे मोठे यश आहे. दुसरी बाजू म्हणते की, बंद वस्तू एका खोलीतून दुसरीकडे हलवल्याने ती खुली होत नाही, उलट तिच्यात सुधारणा करणे अवघड होऊन बसते.

मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते. परंतु आपण आज वापरत असलेल्या फोनमध्ये असे किती बंद भाग आहेत आणि ते नेमके कुठे आहेत, हे आपल्याला कोणी सांगितले आहे का? या वादामुळे निदान एका फोनच्या बाबतीत ते ग्राहकाला कळते, आणि तेवढ्यासाठी तरी मी तो वाद सहन करायला तयार आहे.

पैशांचे आणि विलंबाचे वाद निराळे आहेत. लिब्रेम ५ साठी २०१७ मध्ये लोकांकडून वीस लाख डॉलरहून अधिक निधी जमला आणि जानेवारी २०१९ मध्ये फोन देण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात पहिले फोन सप्टेंबर २०१९ मध्ये बाहेर पडू लागले आणि अनेकांना त्यानंतरही बरीच वाट पाहावी लागली. ज्याने आगाऊ पैसे भरले आहेत, त्याचा राग आडमुठेपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

याउलट पाइनफोनच्या सुरुवातीच्या बोर्डांमध्ये यूएसबी-सी जोडणीची चूक निघाली, ज्यामुळे बाहेरचा पडदा जोडता येत नव्हता. तेव्हा निर्मात्यांनी ती चूक स्वतः जाहीर केली आणि पुढच्या बोर्डात सुधारली. अशा वेळी चर्चेचा सूर किती लवकर निवळतो, हे पाहण्याजोगे होते.

पाइनफोन मागवून रोजच्या वापरासाठी ठेवावा असा विचार आहे. माझ्याकडे जिओचे सिम आहे. बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲप चालेल का? (एक व्यापारी, कोल्हापूर)

एकमेव फोन म्हणून तो घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आधी सिमचे पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात टू-जी आणि थ्री-जी मुळातच नाही. तिथे साधे बोलणेही व्होल्टी या, फोर-जी जाळ्यावरून आवाज नेणाऱ्या पद्धतीनेच होते. पाइनफोनच्या मॉडेममध्ये व्होल्टीची क्षमता आहे. मात्र ती प्रत्येक सेवा कंपनीच्या जाळ्याशी जुळवून घ्यावी लागते आणि एका देशात जुळले म्हणून दुसऱ्या देशात जुळेल असे नाही. ज्या कंपनीचे टू-जी जाळे अजून चालू आहे तिचे सिम असेल, तर निदान बोलण्याची सोय उरते. शिवाय फोन झोपेत असताना आलेला कॉल त्याने वेळेत जागे होऊन दाखवणे, ही या फोनची फार जुनी डोकेदुखी आहे. त्यावर पुष्कळ काम झाले आहे. मॉडेममध्ये स्वतःची एक लिनक्स प्रणाली चालते, हे लक्षात आल्यावर स्वयंसेवकांनी तिच्याजागी खुली पर्यायी प्रणाली तयार केली, ही तर मला या सगळ्या कथेतील सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. रेडिओचा गाभा मात्र अजूनही बंदच आहे. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल आणि रात्री-अपरात्री येणारा फोन चुकवून चालणार नसेल, तर केवळ या फोनवर विसंबणे योग्य होणार नाही.

बँकेच्या व्यवहारांची अडचण याहून मोठी आहे. यूपीआयची ॲप अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यासाठीच बनवली जातात. ती सिमवरून संदेश पाठवून फोनची ओळख पक्की करतात, आणि प्रणालीत बदल केल्याचे दिसले तर पुष्कळदा चालायला नकार देतात. लिनक्सच्या आत अँड्रॉइड चालवण्याची सोय असली, तरी या तपासण्यांपुढे ती बहुधा टिकत नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सेवा सुरू केली. ज्यांना ॲपशिवाय व्यवहार करायचे आहेत त्यांनी तिची माहिती आपल्या बँकेकडून जरूर घ्यावी. व्हॉट्सॲपचे मूळ खाते दुसऱ्या एखाद्या अँड्रॉइड फोनवर ठेवून पाइनफोनच्या ब्राउझरमध्ये ते जोडता येते.

मग हा फोन घ्यावा तरी कशासाठी? मागचे झाकण नखाने उघडले की आत सहा बारीक कळा दिसतात. मॉडेम, वाय-फाय, मायक्रोफोन, पुढचा व मागचा कॅमेरा यांतील ज्याची कळ आपण बंद करू, ते सॉफ्टवेअर काहीही म्हणो, बंद होते. सहावी कळ हेडफोनच्या छिद्राचे काम बदलते. बॅटरी हाताने काढता-घालता येते. मेमरी कार्डावर दुसरी प्रणाली टाकून फोन सुरू केला की आतील प्रणालीला धक्का न लावता नवी पारखता येते. शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला एवढे मोकळे साधन क्वचितच मिळते, आणि दुसरा फोन म्हणून परवडत असेल तर मी ते अवश्य घ्या असेच म्हणेन. मागवताना सीमाशुल्काचा विचार आधी करावा.

जिओफोनमध्ये ओपन-सोर्स प्रणाली होती, हे खरे आहे का? (एक वाचक, पणजी)

तिचे मूळ ओपन-सोर्स होते. मोझिलाने फायरफॉक्स ओएस ही प्रणाली स्वस्त फोनसाठी तयार केली होती. भारतात २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स हा १,९९९ रुपयांचा फोन तीवरच चालत असे. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनमधून माघार घेतली; खुल्या राहिलेल्या कोडवर पुढे काइओएस उभी राहिली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये आली. स्वयंसेवकांच्या कामाचा अंश अशा रीतीने कोट्यवधी हातांत पोचला. मात्र त्या हातांना फोन उघडून पाहण्याची, बदलण्याची किंवा चर्चेत सामील होण्याची वाट ठेवलेली नव्हती, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

मला प्रोग्रामिंग येत नाही, इंग्रजीही बेताचेच आहे. मी या कामात काही मदत करू शकते का? (मराठीच्या एक शिक्षिका, कऱ्हाड)

आपल्यासारख्या व्यक्तींची तिथे फार उणीव आहे, आणि त्याचे कारण आपल्या गावाच्या नावातच सापडेल. ‘कऱ्हाड’ मधील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात टिंब असलेला ‘ऱ’ हा अक्षरसंकेत, त्यानंतर हलन्त आणि मग ‘ह’ येतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ‘ह’ येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. प्रणालीच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. संपर्कयादीत नाव एका कळफलकाने लिहिले असेल आणि शोधताना दुसरा कळफलक वापरला असेल, तर समोर असलेले नाव सापडत नाही. टंकातील (फॉन्टमधील) जोडणी अपुरी असेल, तर अर्धा र आपल्या जागी न येता हलन्तासह सुटा दिसतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे असते आणि प्रणालीला भाषा मराठी आहे हे नीट कळवले नाही, तर टंकात सोय असूनही ते वळण येत नाही. बर्लिनमध्ये बसून ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येण्याची शक्यता नाही. आपल्या लक्षात ते पहिल्याच ओळीत येईल.

तक्रार कशी लिहावी, हे मात्र शिकून घेतले पाहिजे, कारण ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. फोन कोणता, प्रणाली व तिची आवृत्ती कोणती, कळफलक कोणता, काय टंकले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे सोप्या इंग्रजीत, लहान वाक्यांत लिहावे आणि पडद्याचे चित्र सोबत द्यावे. चित्रात चुकीच्या अक्षराभोवती वर्तुळ काढून शेजारी कागदावर हाताने लिहिलेले बरोबर अक्षर दाखवले, तर भाषा न जाणणाऱ्यालाही दोष कळतो. लिहिण्यापूर्वी तोच दोष आधी कोणी नोंदवला आहे का ते शोधावे. नोंदवला असेल, तर ‘मलाही हाच त्रास’ एवढेच न म्हणता आपल्या फोनचे तपशील त्याखाली जोडावेत. फ्रीरनरच्या जीपीएसचा उलगडा अशाच जोडलेल्या तपशिलांतून झाला होता.

याशिवाय, फॉश या फोनप्रणालीत वापरल्या जाणाऱ्या स्क्वीकबोर्ड या कळफलकाची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. कोणत्या ओळीत कोणते अक्षर यावे, हे ठरवायला प्रोग्रामिंग लागत नाही. ‘ळ’, ‘ऱ’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठी माणसाच्या बोटाखाली चटकन यायला हवेत, याची जाण लागते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला सोबत घ्या. आपण मांडणी कागदावर काढावी आणि त्याने ती फाइलमध्ये उतरवावी.

घरातील जुन्या अँड्रॉइड फोनवर पोस्टमार्केटओएस टाकता येईल का? (एक वाचक, नाशिक)

पोस्टमार्केटओएस हा जुन्या फोनवर लिनक्स चालवू देणारा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हा त्याचा हेतू आहे. आपल्या फोनचे केवळ बाजारातील नाव पाहू नका. सेटिंगमध्ये दिसणारा मॉडेल क्रमांक टिपून घ्या, कारण एकाच नावाच्या फोनमध्ये निरनिराळ्या चिप असतात. त्या क्रमांकाची नोंद प्रकल्पाच्या यादीत आहे का आणि तिथे कॉल, ध्वनी व बॅटरी यांपैकी काय चालते म्हणून लिहिले आहे, ते वाचा. पुष्कळ फोनमध्ये केवळ पडदा आणि वाय-फाय एवढेच चालते. बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) उघडण्याची परवानगी कंपनी देते का, हे त्याआधी पाहावे लागेल. ती नसेल तर पुढचे सारे खुंटते. परवानगी असेल, तर बूटलोडर उघडताना फोनमधील सर्व छायाचित्रे आणि संदेश पुसले जातात, म्हणून त्यांची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवावी.